रजेची तालीम

आई, इथूनच तुझ्या पाया पडतो.

मी मजेत आहे. लॉन्ड्रीतली मोठी इस्त्री आता हाताळता येते, हात भाजत नाहीत. तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनचं काय ठरलं?

इथे सगळं इंग्रजीत चालतं, म्हणून फोनातल्या एआयकडून शिकतोय. त्याला आमचा साहेब व्हायला सांगतो आणि तुझ्या ऑपरेशनसाठी रजा मागतो. चुकलं की तो न कंटाळता सुधारतो. ‘जरा खेकसून बोल, आमचा साहेब एवढा गोड नाही,’ असंही सांगून पाहिलं. खेकसला बिचारा, पण शेवटी रजा दिलीच.

आता सगळं तोंडपाठ आहे. खऱ्या साहेबाला उद्या विचारतो.

ऑपरेशनची तारीख मात्र माझ्यासाठी अडवून ठेवू नकोस. धाकटीला सोबत घेऊन जा.

तुझा,
थोरला