दोरीच्या पल्याडचा अर्धा फोटो

बार्शीटाकळी,
ता. १२ जानेवारी १९६४

चिरंजीव देवमन यास थोरली बहीण शकुन हिचा जयभीम, आणि टोपी काढली असशील तर डोक्यावरून हात. इकडे आम्ही सर्व सुखरूप असून तुझे सुख रोज चिंतितो. (येवढं प्रौढ वर्गाच्या मास्तरनं फळ्यावर लिवून देल्लं होतं, ते उतरवलं. आता माह्या तोंडानं लिवते.) माय माह्याचपाशी हाय. थंडीनं तिचा गुडघा धरला हाय, पन कोनी तुहं नाव काढलं का तुरतुर चालते. तूर बरी आली. म्हैस याली, पारडी झाली. तुह्या भाऊजीले खोकला हाय अन् बिडी सुटत नाई, म्हणून त्याईची खुशाली मी लिवत नाई.

आता मुख्य गोठ सांगते. बाबू, कापूस येचणीच्या वक्ताले तू फोटो पाठवला, तू अन् तुही बिजली. तू पलटणीत गेला तवा म्या गावभर गूळ वाटला होता. लोकाईनं तो गूळ बंदुकीसाठी खाल्ला, अन् साहेबानं तुह्या हातात देल्लं हे खेचर. वाईट हाय असं मी म्हणत नाई, डोंगरावर जवानाईचं रेशन कोनी तरी नेलंच पायजे. पन आपली शेजारीण जमुना, जिचा भाऊ अकोल्याले पोलिसात हवालदार हाय, ते रोज आपल्या भिंतीकडं पाहत बसते. तिच्या डोयासमोर मी खेचर कसं टांगू, तूच सांग.

म्हणून मी फोटो घेऊन अकोल्याले जुन्या शहरात गेली. फ्रेमवाला म्हणे, मोठी चौकट घ्या बाई, दोघंबी बसतीन. म्या म्हणलं, एकच बसव. त्यानं कैची चालवली. घरी येऊन पायलं त तुह्या हातात दोरी राहून गेली होती, अन् खांद्यामागं बिजलीचा एक कान. दोरी फोटोच्या काठापर्यंत जाते अन् तेथीच संपते. जमुनेनं पयले तेच पायलं. दोरीले काय बांधलं हाय म्हणे. माह्या तोंडातून निंघून गेलं, तोफ. तोफ काहून बांधली? म्या सांगतलं, तिकडं सारा उतार हाय, सोडली का घरंगळते. मंग कान पायला. ते संगीन हाय, म्या म्हणलं. संगिनीले केस कसे, तिनं इचारलं. म्या म्हणलं, बरफात लोखंडालेबी लव फुटते, तू कधी अकोल्याच्या पुढं गेली हायेस काय? (कापलेलं खेचर त्या फ्रेमवाल्यानं दुकानात नमुना म्हणून लावलं हाय. त्याची चौकट तुहीपेक्षा चांगली हाय.)

पत्राईचं तर त्याहून वाईट झालं. तुहं पत्र आलं का दुपारी बाया आपल्या आंगणात तूर निवडाले बसतात अन् मी वाचते. पयलं पत्र म्या जसंच्या तसं वाचलं. बिजली बरी हाय, बिजली माह्या हातचंच खाते, बिजलीशिवाय मले करमत नाई. बायाईचे हात सुपात थांबले. जमुना म्हणे, पोट्ट्यानं तिकडंच लगन लावलं वाट्टे. मायनं त्या दिवशी भाकर खाल्ली नाई, अन् मले तिच्या कानात सांगा लागलं का बिजलीले चार पाय हायेत. दुसऱ्या पत्रापासून म्या ठरवलं, बिजली आली का तेथी सुभेदारसाहेब वाचायचं. पन बाप्पा, वाचाच्या भरात पुढचं पाहत नाई न कोनी! सुभेदारसाहेबाले आज मुठीनं हरभरे चारले, असं वाचून बसली. सुभेदारसाहेबाले खाज सुटली होती म्हणून घासून काढलं. खुश होऊन त्याईनं माहा हात चाटला. पन बाया म्हणाल्या, पाहा, साहेबाचा पोट्ट्यावर किती जीव हाय.

हे सारं तुले काहून सांगून राहिली, तर हिवरखेडचे देवराव तुह्यासाठी सोयरीक घेऊन आपल्या घरी येऊन गेले. त्याईची पोरगी ललिता, प्राथमिक शाळेत मास्तरीण हाय. तोफवाल्या जवानाचं नाव हिवरखेडपर्यंत गेलं म्हणून ते आले. फोटो पायला, चहा घेतला, दोरीबद्दल काई इचारलं नाई, मानूस खानदानी हाय. माय तवापासून गुडघा इसरली. तुहं घर बसलं का मी मेली तरी चालीन, असं ते उठता बसता म्हणते. पन पोरगीनं निरोप धाडला का, पत्रं मी माह्या डोयानं वाचीन, मंगच हाव म्हणीन. फेब्रुवारीच्या पयल्या रविवारी येऊन राहिली. मी आपली धाकधूक घेऊन बसली हाय. बाकी सर्व ठीक. थंडीत कान बांधत जा.

तुही बहीण,
शकुन

ता. क. : चौदा पत्राईत तू एकबी गोळी झाडली नाई. तवा हे पत्र भेटताच एक चांगलं पत्र लिवून पाठव. त्यात तोफ पायजे, थोडे चिनी पायजे, अन् तारीख मागची टाक. बिजलीचं नाव नोको. कागद हातानं चुरगाळून जुना कर.

ता. क. दुसरा, बुधवार : पत्र टाकाचं राहून गेलं, अन् आता सारं उलटं झालं. ललिता काल न सांगता आली. मी वावरात होती. मायनं भोळेपणानं पत्राईचा डबाच तिच्यापुढं ठेवला. मी आली त ते बाजेवर बसून वाचून राहिली होती अन् हासत होती. हरभऱ्याचं वाचून तिनं तोंडाले पदर लावला. मंग एका पत्रापाशी तिचं हासणं थांबलं. बिजली कड्यावरून घसरली, तिच्या पाठीवर वरच्या चौकीची औषधं होती, अन् तू बरफात पालथा पडून दोरी धरून राहिला, सकाळपासून दुपारपर्यंत, हात सोलून निंघेपर्यंत, तेच पत्र. म्या ते बायाईले कसं वाचून दाखवलं होतं, ठावूक हाय? सुभेदारसाहेब घसरले, अन् झटकन पुढच्या ओळीवर गेली. ललितानं भिंतीकडं पायलं अन् मले म्हणाली, "ताई, या दोरीच्या पलीकडचा अर्धा फोटो कुठे आहे?"

बाबू, माह्या तोंडातून एक खोटं निंघालं नाई. म्या सारं सांगतलं अन् रडली. तुह्या हाताची सालं गेली अन् मी इकडं तोफा ओढून राहिली होती, याची मले लय लाज वाटली. पोरगीनं हाव म्हणलं हाय. तिची एकच अट हाय, फोटो खेचरासगट पायजे. मी उद्या अकोल्याले जाते, त्या फ्रेमवाल्यापासून बिजली सोडवून आणते अन् मोठी चौकट घेते. वरचा ता. क. फाडून टाक. खोटं पत्र लिवू नोको. आता जे हाय तेच जमुनेले सांगीन.

ता. क. तिसरा, गुरुवार : बिजली भिंतीवर आली, अन् जमुनेले जे हाय तेच सांगतलं. फक्त बिजलीले सरकारनं सुभेदार केलं, येवढं तोंडातून निंघून गेलं. पुढच्या पत्रात तिच्या नावामागं तसं लिवत जा.