बिजागरीचं तेल

मळवली,
१ डिसेंबर २०२४

चि. शालूस,
अ. उ. आ.

तुझी तुपाची बरणी गोरख ड्रायव्हरच्या जीपनं पोचली. परवा तू फोन केलास तेव्हा आवाज आला, शब्द आले नाहीत. देहूरोडच्या डेपोतल्या नोकरीत यंत्रांनी कान नेले. म्हणून लिहितोय. तूही लिहीत जा.

बंगल्यावर शनिवार-रविवार पाहुणे असतात. सोमवारी चादरी धुतो. मग शुक्रवारपर्यंत गेटाच्या आत मी एकटाच. मंगल होती तोवर ही रखवालदाराची खोली दोघांना अपुरी पडायची. आता मी एकदा शिजवतो आणि दोनदा खातो. ओंकार मस्कतहून फोटो पाठवतो. मी अंगठा दाखवतो. मग तोही दाखवतो. बापलेकांचं बोलणं असं चाललंय.

साखर चढली आहे, तळपाय जळतात. पण पथ्य कडक आहे. गोड बंद, भात मूठभर. काळजी करू नकोस. म्हैस व्याली का, ते कळव.

तुझ्या लोभावर हक्क असलेला,
दत्तोबा


पवनानगर,
११ डिसेंबर २०२४

ती. दादास,
शालूचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. म्हैस व्याली, रेडी झाली. पहिल्या चिकाचा खरवस करताना तुझी आठवण आली, पण तुझ्या साखरेची आधी आली. नाही पाठवला.

दादा, आपल्यामध्ये लोहगडाचा एक डोंगर. लग्नानंतर सणाला मी तो पायी ओलांडून माहेरी यायची. आता तुझे पाय जळतात आणि माझा गुडघा वाकत नाही, म्हणून तोच डोंगर मोठा झाला.

एक तक्रार आहे. वहिनी गेल्यापासून तीन बरण्या पाठवल्या, एकही परत आली नाही. भांडं रिकामं परत करू नये हे आईनं शिकवलं, खरं. पण आत घालायला काही नाही म्हणून भांडंच ठेवून घ्यायचं, हे कुणी शिकवलं? दोन पेरू टाक आणि पाठव. वहिनी तर बरणी कधी आठवडाभर ठेवत नसे.

गोरख सांगत होता, आबांचं गेट लय कुरकुरतंय. हाका मारून दमलो म्हणाला, मग नुसतं गेटच पुढं-मागं करत बसलो, तर आबांना तेबी ऐकू जाईना. आम्ही हसलो. तो गेल्यावर मला हसू येईना.

माया आहे ती राहू दे,
शालू


मळवली,
२२ डिसेंबर २०२४

चि. शालूस,
अ. उ. आ.

लोणावळ्याला डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. त्या माझ्या कानाशी तोंड आणून ओरडतात. बाहेर बसलेल्या सगळ्यांना माझा रोग पाठ झाला असेल. साखर वाढलीच आहे, पण रक्तातली चरबी त्याहून वाईट. अशीच चढत राहिली तर स्वादुपिंड सुजेल, जिवावर बेतेल, म्हणाल्या. खाता काय, विचारलं. गोड नाही, तूप नाही, म्हणालो. त्यांनी गोळ्या बदलल्या. त्यांना कोडं पडलेलं दिसलं.

तुला सांगणार नव्हतो. तुझं तूप मी उघडलेलं नाही. तिन्ही बरण्या फळीवर आहेत. थंडीनं तूप गोठून पांढरं झालंय. मंगलच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, हृदयाची नळी तुंबली. बरणीकडं पाहिलं की ते आठवतं. तेलाचं तसं नाही. ते पाण्यासारखं पातळ, कुठं तुंबणार? आणि विकतही आणावं लागत नाही. पाहुणे वडे-भजी तळतात आणि कढई तशीच टाकून जातात. मी ते फडक्यानं गाळून डब्यात ठेवतो. भाजी त्यात, थालीपीठ त्यात. रंग जरा काळपट असतो, एवढंच.

बरण्यांचं मनाला लावून घेऊ नकोस.

तुझा,
दत्तोबा


पवनानगर,
२९ डिसेंबर २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून ठेवून दिलं. पुन्हा हातात घ्यायला दोन दिवस लागले.

वहिनी माझ्या तुपानं गेली, असं तुला वाटतं का? तसं लिहिलेलं नाहीस. पण तिन्ही बरण्या फळीवर आहेत.

मला राग यायला हवा होता. त्याऐवजी भीती वाटतेय. पाहुण्यांचं ते तेल वहिनी कधी चुलीजवळ ठेवत नसे. गेटाच्या बिजागऱ्यांना घालायची, उरलं तर कुंपणाच्या खांबांना फासायची, वाळवी लागू नये म्हणून. मी आले होते तेव्हा माझ्याच देखत घातलं होतं. आता गेट कुरकुरतंय. गेटाचं तेल तू खातोयस, दादा.

तूप खा म्हणत नाही. खाऊ नकोस हवं तर, म्हशीला सांगते. पण तो डबा उचल आणि डॉक्टरीणबाईंपुढं ठेव. तोंडानं सांगू नकोस, तू निम्मं गाळून सांगतोस. डबाच ने. वहिनीच्या वेळी मी पोचले तेव्हा सगळं आटपलेलं होतं. तुझ्या वेळी मला तसं यायचं नाही.

या खेपेला लोभ मागत नाही. डबा दाखव.

शालू


मळवली,
२ मार्च २०२५

चि. शालूस,
अ. उ. आ.

उशीर झाला. पुन्हा रक्त तपासल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

डबा नेला. बाईंनी झाकण काढलं, वास घेतला, झाकण लावलं. मग म्हणाल्या, बरणीत गोठतं ते नळीतही तसंच गोठतं असं नसतं, आणि पातळ दिसतं म्हणून निर्दोषही नसतं. हे तेल पुन्हा पुन्हा तापून खराब झालेलं. आता ताजं तेल आणतो, तेही चमच्यानं मोजून. मूठभर शेंगदाणे, कारळ्याची चटणी, धरणाचे मासे मिळाले तर कालवणात, तळून नाही. भात कमीच. गोळ्या चालू आहेत. चरबी बरीच उतरली, साखर थोडी. पाय अजून जळतात.

तुपाचंही विचारलं. अधूनमधून पाव चमचा चालेल, वाटीभर नको, म्हणाल्या. मग मंगलचं विचारलं. त्या म्हणाल्या, एका चमच्यावर असा आळ घेता येत नाही.

तोंडानं मी तो कधी घेतला नव्हता, शालू. फक्त हात बरणीकडं जात नव्हता.

जुन्या दोन बरण्यांतलं तूप खवट झालं होतं. तिसरीतलं चांगलं निघालं. काल भातावर पाव चमचा घेतलं. खोलीत ताट घेऊन बसवेना. बाहेर पायरीवर बसलो, डोंगराकडं तोंड करून. सगळं संपवलं.

दोन बरण्या गोरखकडं दिल्या आहेत. एकीत कारळे, एकीत पेरू. तिसरी दिलेली नाही.

पाहुण्यांचं तेल बिजागऱ्यांना घातलं. गोरख म्हणतो, गेट आता वाजत नाही. माझ्या लेखी ते आधीही वाजत नव्हतं. तेव्हा तिसरी बरणी न्यायला तूच ये, आणि खरं काय ते सांग. जीप दारापर्यंत येते, गुडघ्याला डोंगर चढावा लागणार नाही. आलीस की हाक मारू नकोस, ऐकू येणार नाही. गेट ढकल. पाहुणे नसतात त्या दिवशी मी कडी घालत नाही.

वाट पाहणारा,
दादा