रामा रंगाची तबकडी

अहो,

नवं लग्न, तुम्ही दिल्लीत आणि मी सांगलीत होते, तेव्हा पत्राच्या वर काय लिहावं याचाच घोळ व्हायचा. ‘प्रिय’ लिहावं तर तुमच्या खोलीतले दोन मित्र वाचतील, नाव लिहावं तर माझीच जीभ चावली जायची. मग मी नुसतं ‘अहो’ लिहायचे आणि सरळ मुद्द्यावर यायचे. आजही तेच करते. मुद्दा असा की मी तुमच्यावर रागावले आहे. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं आणि भांडण आत्ता निघालंय. समोर असता तर पेपर वर करून बसला असता. म्हणून लिहितेय.

दिल्लीतलं, आपलं द्वारकेचं घर आवरायला काढलंय. मुग्धाचं म्हणणं, आई, आता एकटीने राहायचं नाही, गुरुग्रामला आमच्याकडे यायचं. मी पुष्कळ आढेवेढे घेतले, पण लेक तुमच्यावर गेली आहे, तोंडाने ‘बरं’ म्हणते आणि स्वतःचंच करते. भांडी झाली, पुस्तकं झाली, शेवटी तुमचा तो कपाटातला खण उघडला. सगळी घड्याळं जिथल्या तिथे आणि सगळी बंद. मला एकदम भरून आलं. माझ्या त्या सवतींचा मी आयुष्यभर राग राग केला, पण अशा गप्प बसलेल्या मला बघवेनात.

सवती नाहीतर काय म्हणू? लोक स्टॅम्प जमवतात, नाणी जमवतात. तुम्ही एकाच स्विस कंपनीची, त्यातही एकाच जातीची ऑटोमॅटिक घड्याळं जमवलीत. चावी द्यायची नाही, हात हलला की आतलं चाक फिरतं आणि घड्याळ चालतं. ‘सुनंदा, हे घराणं आहे,’ म्हणायचात. ‘राग तोच, गाणारे वेगळे.’ मला काही रागबिग कळला नाही, पण तोंडं ओळखता यायला लागली. सगळ्यात जुन्या बनावटीचं ते धक्केवालं, ज्याचं आतलं चाक पुरतं फिरत नाही, इकडून तिकडे आपटतं. कानाशी धरलं की डीटीसीच्या बसमध्ये उभं राहिल्यासारखं वाटायचं. मग परातवालं, कडेला उतरती तबकडी, अगदी कणकेची परात. मग तारखेची खिडकी आलेलं, त्यानंतर वाराचीही खिडकी आलेलं. एक काळं, निमुळत्या काट्यांचं, ते तुम्ही लग्नाकार्यातच घालायचात. आणि शेवटी तो चौकोनी टीव्ही, जो मला कधीच आवडला नाही. बाईमाणसाला साड्या मोजून दाखवणारा माणूस हा.

आणि ते रामा रंगाचं. माझं लाडकं.

रविवारी बत्राजी आले होते. मुग्धानेच बोलावलं. तुमच्या रविवारच्या मंडळीतले तेवढेच आम्हाला ठाऊक. कॅनॉट प्लेसला कॉफी पीत एकमेकांची घड्याळं बघायची आणि घरी येऊन सांगायचं की महत्त्वाची चर्चा झाली! मी चहा आणि साबुदाण्याचे वडे केले. त्यांनी टेबलावर टॉवेल पसरला, डोळ्याला भिंग लावलं आणि एकेक घड्याळ हातात घेऊन ‘वाह, क्या बात है’ करत बसले. परातवालं बघून तर त्यांचे डोळेच ओले झाले. मग रामा रंगाचं उचललं आणि लगेच बाजूला ठेवलं.

मुग्धाने विचारलं, ‘अंकल, ये वाली नहीं देखी?’

‘नहीं बेटा, ये तो री-डायल है. खराब कर दी किसी ने.’

‘म्हणजे?’ मी विचारलं. मराठीतच विचारलं, भान राहिलं नाही.

त्यांना काय ठाऊक की तो ‘किसी’ त्यांना वडे वाढत होता. त्यांनी नीट समजावून सांगितलं. मूळ तबकडीवरचा रंग खरवडून काढून नवा चढवलाय. मधोमध केसासारख्या बारीक दोन रेघा होत्या, एकमेकींना छेदणाऱ्या, त्या रंगाखाली बुजल्या. कंपनीचं नाव जाड झालं. सातच्या आकड्याच्या जागी चिकटवलेली पट्टी किंचित तिरकी बसली. आणि हा रंग तर कंपनीने या घड्याळात कधी काढलाच नाही. चंदेरी काढला, दुधी काढला, काळा, निळा, राखाडी. हा नाही. जमवणाऱ्यांच्या दृष्टीने असं घड्याळ म्हणजे बाद. मुग्धा माझ्याकडे बघत होती. तिला कळलं होतं. मला म्हणाली, ‘आई, बाबांनी तुला कधीच सांगितलं नाही? सो स्वीट यार.’

स्वीट? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ते घड्याळ माझ्या बाबांनी लग्नात तुम्हाला दिलेलं. तुमच्या घराण्याचा मूळ पुरुष तो. दुधी तबकडीवर चहा सांडावा तसे डाग आलेले, कडेला काळे ठिपके. तुम्ही म्हणायचात, वयाचा रंग आहे. मी म्हणायचे, बुरशी आहे. आपल्या घरी पितळेचा गडूसुद्धा चिंचेने घासल्याशिवाय मांडणीवर जात नाही, आणि जावयाला दिलेलं घड्याळ असं मळकट? तुम्ही रिटायर होणार होता. मी मनाशी ठरवलं, मेट्रोत बसले, चांदनी चौकात उतरले आणि विचारत विचारत घड्याळवाल्यांच्या गल्लीत पोचले. त्याने विचारलं, ‘माताजी, कौन सा रंग?’ मी पर्समधून लोकरीचा धागा काढून दिला. दिल्लीच्या पहिल्या थंडीत तुम्हाला विणलेल्या स्वेटरचा, रामा रंगाचा. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये हीटर नव्हता, तो स्वेटर घालून झोपायचात तुम्ही. कोपरं फाटली तरी टाकू दिला नव्हतात. मला वाटलं, रंग तुमच्या आवडीचा.

निरोपसमारंभाच्या दिवशी सकाळी डबी तुमच्या हातात दिली. तुम्ही उघडली आणि बघत राहिलात. बराच वेळ. मग म्हणालात, ‘छान झालंय.’ आणि हात धुवायला गेलात. मी आपली खूश, की बघा, माणूस कसा गहिवरला. आता कळतंय कसला गहिवर होता तो!

तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत? जुन्या बाजारात कोणाच्या रंगवलेल्या तबकडीवर ‘तोंडाला रंग फासलाय’ म्हणून तोंडसुख घेणारे तुम्ही. मला वाटायचं, ते खोट्या घड्याळांबद्दल चाललंय. आपलं तर खरं होतं, नुसतं स्वच्छ करून आणलेलं. हळदीकुंकवाला मी चारचौघीत सांगायचे, आमच्या ह्यांचं हिरवं घड्याळ बघितलंत का, मी करवून आणलंय. तुम्ही शेजारी उभे राहून मान डोलवायचात. त्या वेळी मनातल्या मनात हसत होतात का? खरं सांगा. की बिचारी, हिला काय कळतंय, म्हणून सोडून दिलंत? मला कीव नको होती हो. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तुम्हाला तोंडावर सांगितलं की तुम्ही बेसूर गाता. तुम्ही मला एवढं सांगू नये?

चूक माझी होती असं मी म्हणणार नाही, हेही लिहून ठेवते. डाग काढले ते बरंच केलं. मला तो रंग अजून आवडतो.

बत्राजींना मुग्धाने हळूच सांगितलं असावं. बिचारे पार कानकोंडे झाले, वडा तसाच राहिला. मग त्यांनी खिशातून एक चपटी डबी काढली. आत एक तबकडी, दुधी रंगाची, मधोमध त्या बारीक रेघा. अस्सल, त्याच घड्याळाची. म्हणाले, ‘भाभीजी, ये मैंने भाई साहब के लिए कहीं से मँगवाई थी. लगवाने को दी तो डिब्बी मेरे हाथ में वापस रख दी. आप कहें तो अब लगवा दूँ. सेट पूरा हो जाएगा.’

मुग्धा म्हणाली, ‘लगवा दो, अंकल. बाबांना तसंच आवडलं असतं, नाही का, आई?’

माझी नजर त्या डबीवर. तसंच करावं असं क्षणभर मलाही वाटलं. तुमचं घराणं तुमच्या मनासारखं होईल, माझी लुडबुड निघून जाईल. तुम्ही डबी परत केलीत ती मला कळू नये म्हणूनच ना? मी रोज घड्याळ बघणार, रंग बदलला तर विचारणार. म्हणजे भीड. एवढी वर्षं निव्वळ भिडेखातर ते मनगटावर बाळगलंत, हे मला फार लागलं. डोळ्यांत पाणी यायला लागलं म्हणून मी चहा गरम करायला आत गेले.

आणि ओट्यापाशी उभी असताना मला तुमच्या बाह्या आठवल्या.

रविवारी मी इस्त्रीचा पूर्ण बाहीचा शर्ट काढून ठेवायचे. जाताना दोन्ही बाह्या मनगटापर्यंत, बटणं लावलेली. येताना उजवी तशीच कडक आणि डावी कोपरापर्यंत दुमडलेली. दर रविवारी! मी कावायचे, अहो हा काय अवतार, दुमडायच्या तर दोन्ही दुमडा, सुरकुत्या जात नाहीत मग. तुम्ही म्हणायचात, उकडत होतं. जानेवारीतसुद्धा उकडत होतं तुम्हाला, एकाच हाताला.

मी तशीच बाहेर आले. विचारलं, ‘बत्राजी, संडे को वो कौन सा घड़ी पहनके आते थे?’

‘यही वाली, भाभीजी. बाकी सब डिब्बे में लाते थे, हाथ में यही.’

‘लोग कुछ बोलते नहीं थे?’

‘बोलते क्यों नहीं थे. नए लोग तो हँसते भी थे. उनको फ़र्क ही नहीं पड़ता था.’

अहो, मी तिथे नव्हते. माझ्या भिडेखातर घालायचं असतं तर मेट्रोत बसल्यावर खिशात टाकता आलं असतं, काळं घालता आलं असतं, परातवालं घालता आलं असतं. निदान बाही तरी खाली ठेवता आली असती. ज्या टेबलावर सगळ्यांना चूक दिसणार, तिथे बसून तुम्ही बाही वर केलीत. मला दाखवायला नाही, मला न सांगता. मग माझा राग कुठे टिकायला?

थोडा आहे अजून. एकदा तरी सांगायचं होतं, मी तुम्हाला हसून दाखवलं असतं.

तर माझा निर्णय ऐका. ती दुधी तबकडी मी बत्राजींना परत दिली. म्हटलं, ती तुम्हीच ठेवा, आमचं आहे ते बरं आहे. काळं मुग्धाने ठेवून घेतलं, ऑफिसला घालणार म्हणते. बाकीची बत्राजींच्या स्वाधीन केली, पण बजावून, की कपाटात कोंडायची नाहीत, आळीपाळीने घालायची. टीव्हीसुद्धा. त्यांनी ‘बिल्कुल, भाभीजी’ म्हणून कानाला हात लावला.

रामा रंगाचं माझ्याकडे आहे. पट्ट्याला आणखी एक भोक पाडून घेतलं. रिटायर झाल्यावर तुम्ही आरामखुर्चीत इतके निवांत बसायचात की ते तुमच्या हातावर बंद पडायचं आणि मी येता-जाता तुमचा हात हलवून जायचे, आठवतं? माझ्याकडे ती पंचाईत नाही. तुम्हीच म्हणायचात, ही बाई दोन मिनिटं स्वस्थ बसेल तर शपथ. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना, आता हे खोकेही बांधताना ते आपलं चालू आहे.

पुढच्या आठवड्यात गुरुग्रामला जातेय. तिथे बाविसाव्या मजल्यावरून वारा येतो, थंडी इथल्याहून जास्त, आणि खाली बागेत बसणाऱ्या बायका एकापेक्षा एक नटलेल्या असतात. एखादीला घड्याळातलं कळतही असेल. तुम्हाला वचन देते, त्यांच्यात जाऊन बसेन तेव्हा स्वेटरची डावी बाही वर करून बसेन. कोणी विचारलंच तर म्हणेन, उकडतंय.

भांडण बहुतेक मिटलेली,
तुमची सुनंदा