टोप्यांचा दुष्काळ

४ मे २०२४, शनिवार

आजही नाहीत! बंदुकांच्या दुकानाच्या दारातच, दुकान चालवणाऱ्या डोनाने मान हलवली. "सॉरी, नेक्स्ट मंथ मेबी." हे 'मेबी' मी दीड वर्ष ऐकतोय. पावडरचा एक डबा होता फळीवर. किंमत बघितली आणि गुपचूप जागेवर ठेवला. तीन वर्षांत दुप्पट! पावडर विकतात की केशर?

तयार काडतुसं तर बघायचीच सोय नाही. म्हणून आम्ही नेमबाजीच्या रेंजवरचे म्हातारे वापरलेल्या पितळी नळ्या उचलतो आणि घरी पुन्हा भरतो. नळ्या ढीगभर आहेत, गोळ्या आहेत, थोडी पावडर आहे. अडलंय ते नळीच्या बुडाशी बसणाऱ्या मसुराएवढ्या प्रायमरपाशी. तो ठिणगी देतो, तो नाही तर काहीच नाही. बाबा त्याला टोपी म्हणायचे. भुसावळजवळच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत बत्तीस वर्षं त्यांनी टोप्या बसवल्या — लाखांनी! आणि त्यांचा मुलगा डार्विनमध्ये शंभर टोप्यांसाठी दारोदार.

घरी आलो तर सुलू म्हणाली, "नाही ना मिळाल्या? बरं झालं. उद्या पंखे पुसा."

५ मे, रविवार

पंखे पुसले नाहीत. रेंजवर गेलो.

पूर्वी साठ गोळ्या मारायचो, आता वीस. प्रत्येक गोळीआधी मी श्वास धरून असा विचार करतो जसं काही मुलीचं लग्न ठरवतोय. नेमबाजी झाल्यावर बॅरी आणि मी गुडघ्यांवर बसून नळ्या वेचल्या. बॅरी शहात्तर वर्षांचा, सगळं आयुष्य ट्रक चालवला. उठताना आम्ही एकमेकांना ओढून उभं करतो.

त्याने पन्नास टोप्या दिल्या. पैसे घेत नाही. त्याचा दर ठरलेला — सुलूच्या हाताचं कैरीचं लोणचं, एक बरणी. मडक्यातलं असेल तर साठ टोप्या! सुलूला सांगितलं तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, "पंचशील घेता, बंदूक चालवता, आणि वर माझं लोणचं विकता!"

मी म्हटलं, बारा वर्षांत मी कागदाशिवाय काही मारलेलं नाही.

"कागदाने तरी काय घोडं मारलंय तुमचं?"

या बाईला हॉस्पिटलात पेशंट घाबरत कसे नाहीत, कळत नाही.

१८ मे, शनिवार

सकाळी गॅरेजमधल्या टेबलावर बसलो होतो. काट्यावर पावडर ओतताना चमचा वाटीवर वाजला. कट कट कट. मला वाटलं बाहेरून मोठा ट्रक गेला. रस्ता रिकामा.

दुसऱ्यांदा ओतली. परत.

उजवा हात. अंगठा आणि पहिलं बोट, आपापलं काहीतरी मोजत असल्यासारखं. सांडलेले दाणे पोस्टकार्डाने गोळा केले — एवढ्या महागाईत एक दाणा सोडवत नाही. मग सगळं आवरून ठेवलं. कॉफी जास्त झाली असेल.

१९ मे, रविवार

वीसपैकी सहा गोळ्या कागदाबाहेर. सहा!

बॅरी म्हणाला, "विंड, मेट."

वारा नव्हता.

२३ मे, गुरुवार

बुद्धपौर्णिमा. सकाळी वंदना, संध्याकाळी शेजारच्या पामर्स्टन गावात सगळे जमलो. खिरीच्या वाट्या मी वाटायला घेतल्या. तिसरी वाटी ताटलीवर वाजायला लागली. सुलू कुठून तरी आली आणि ताटली हातातून घेतली. "गरम आहे, हात भाजेल. मी देते."

खीर फ्रीजमधली होती.

तिच्या लक्षात आलं नसावं. ती पाहुण्यांशी हसतखेळत बोलत होती.

१ जून, शनिवार

दुपारी फाटकापाशी हॉर्न. बॅरी! हातात खोकं, चेहरा लॉटरी लागल्यासारखा. कॅथरिन गावातला त्याचा कुणी ओळखीचा नेमबाजी सोडतोय, रीतसर क्लबमार्फत त्याचं सामान विकतोय. हजार टोप्या! "यू फर्स्ट," म्हणाला. स्वतःसाठी आधी न ठेवता माझ्याकडे आला हा माणूस.

आणि मला आनंद झाला नाही.

खोकं नेऊन कपाटात ठेवलं. कपाट लोखंडी, भिंतीत बोल्ट मारलेलं. वर रायफली, खाली वेगळ्या कुलपात दारूगोळा. किल्ल्या माझ्या कमरेच्या पट्ट्याला. इथला कायदाच तसा — ज्याच्याकडे लायसन्स त्यानेच किल्ली हाताळायची, घरातल्या दुसऱ्या कुणी नाही. सुलूने आजवर ते कपाट उघडं बघितलेलं नाही.

स्वयंपाकघरातून तिने विचारलं, "काय म्हणत होता बॅरी? मिळाल्या का तुमच्या टोप्या?"

"नाही," मी म्हटलं.

एकतीस वर्षांच्या संसारात एवढं सोपं खोटं मी कधी बोललो नव्हतो.

का बोललो? कारण टोप्या आहेत म्हटलं की भरणं आलं. भरलं की रविवार आला. रविवारी सगळ्यांसमोर हा हात आला. टोप्या नाहीत तोवर मी नुसता बिचारा आहे. टंचाईने सगळेच बिचारे आहेत, त्यात मी खपून जातो!

८ जून, शनिवार

बाबांचे हात आठवतात. रिटायर झाल्यावर दोनच वर्षांत सुरू झालं. बत्तीस वर्षं टोपी बसवणारा माणूस, त्यांना शर्टाचं बटण लागेना. बोलणं बंद केलं. भिंतीकडे तोंड करून बसायचे. त्या पावसाळ्यात दोनदा न सांगता निघाले आणि रेल्वेच्या रुळांकडे गेले. दुसऱ्यांदा सुलूने गाठलं, हाताला धरून घरी आणलं. तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं आमच्या. ती घरी येऊन पोळ्या लाटायला बसली. यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. एकदाही नाही.

मी काही तसला नाही. पण भिंतीकडे बघत बसणं म्हणजे काय, ते हल्ली थोडं कळायला लागलंय.

२४ जून, सोमवार

प्लँटवरच्या कामातून लवकर सुटून डॉक्टरकडे गेलो. सुलूला सांगितलं नाही. तिच्या हॉस्पिटलच्या आसपासही फिरकलो नाही, लांबचं क्लिनिक शोधलं.

त्याने बोटं आपटायला लावली, चालायला लावलं. पार्किन्सन्स असू शकतो म्हणाला. खात्री न्यूरॉलॉजिस्ट करेल. नंबर लागला — सत्तावीस ऑगस्ट. "शूटिंग करतोस? थांबव. आणि लायसन्सवाल्यांना कळव."

मी म्हटलं, "थांबलेलंच आहे. प्रायमर कुठे मिळतात!"

तो हसला. मीही हसलो. गाडीत येऊन बसलो आणि पंधरा मिनिटं चावी फिरवली नाही.

डॉक्टरची चिठ्ठी कपाटात ठेवली, टोप्यांच्या खोक्यावर.

२९ जून, शनिवार

नवीनच भानगड! प्रतीक्षाचा सिडनीहून फोन. "बाबा, व्हॉट इज गोइंग ऑन? आई म्हणते तिकडे सिडनीत पॅरामॅटात प्रायमर बघ, आणि हॅरिस पार्कच्या चकल्यांबरोबर पार्सलमध्ये टाक! मी म्हटलं आई, दे आर एक्स्प्लोझिव्ह्ज! यू काण्ट जस्ट पोस्ट देम!"

लेक हसून हसून बेजार. मी पण हसलो. मग फोन ठेवल्यावर वाटलं — जिला बंदुकीचं नाव नको, ती माझ्यासाठी सिडनीपर्यंत टोप्या शोधतेय. का, तर मी गप्प गप्प असतो म्हणून. विचारलं तर म्हणाली, "रविवारी घरात बसलेले तुम्ही मला नजरेसमोर नको आहात. मिळवा काहीतरी आणि जा बाहेर."

६ जुलै, शनिवार

सुलू स्वतः दुकानात जाऊन आली! तणतणत घरात शिरली. "ती डोना मला विचारते लायसन्स कुठेय! म्हटलं, माझ्या नवऱ्याकडे आहे, एकतीस वर्षांपासूनचा आहे तो. तर म्हणे नाही चालत. तुमच्या त्या मसुरासाठी माझा असा अपमान!"

मी म्हटलं, अगं जाऊ दे, सोड.

"सोडते बरी!"

चहा केला आणि माझ्या कपात नेहमीपेक्षा अर्धाच ओतला. बशीशिवायच दिला. हल्ली असाच देते.

१७ जुलै, बुधवार

सुलूची गेल्या बुधवारी जादा शिफ्ट, आज परत. टोप्या-पावडरच्या पैशांसाठी करतेय की काय? माझ्यासाठी झुणका-भाकरी झाकून गेली. घास उतरेना. ती आली की आज सांगून टाकायचं.

ती दमून आली. "जेवलात?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. सांगितलं नाही. भ्याड!

४ ऑगस्ट, रविवार

क्लबची चॅम्पियनशिप. गेल्या वर्षी दोन गुणांनी हुकली होती. मी गुण मांडायला बसलो, डाव्या हाताने. बॅरी तिसरा आला. हजार टोप्या दिल्यात, तरी मी का खेळलो नाही, हे त्याने विचारलं नाही. फक्त खांद्यावर हात ठेवून गेला.

२४ ऑगस्ट, शनिवार

काय लिहू!

दुपारी सुलूने जेवणाच्या टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. शंभर टोप्यांची डबी. आणि तिच्या फोटोचं कार्ड. शूटर्स लायसन्स! सुलोचनाचं! फोटोत अशी रागावलेली, की पोलिसांनी घाबरूनच दिलं असावं.

बुधवारच्या शिफ्टा कसल्या, सेफ्टी कोर्स होता. क्लबची मेंबर झाली, बॅरीने सही केली. मग अर्ज, मग अठ्ठावीस दिवसांची वाट. काल जाऊन डोनासमोर कार्ड आपटलं म्हणे. परीक्षेत एकही उत्तर चुकलं नाही, हे तीनदा सांगितलं.

मला रडूच आलं. लाज वाटली, माया वाटली, सगळं एकदम. जिने आयुष्यात झुरळ मारलं नाही, ती रायफल कशी धरायची ते शिकून आली — माझ्या एका खोट्यासाठी.

"ठेवा की कपाटात," म्हणाली.

"ठेवतो नंतर."

"आत्ता. आता मला बघायला परवानगी आहे."

उघडलं. दुसरा इलाज नव्हता. बॅरीचं खोकं, अख्खं. वर डॉक्टरची चिठ्ठी. सुलूने दोन्हीकडे पाहिलं. तिची डबी खोक्याशेजारी नीट ठेवली, कडा जुळवून.

मी म्हटलं, "सुलू, मी खोटं बोललो. हात..."

"माहीत आहे. मार्चपासून बघतेय मी. पेशंटांचे हात बघण्यातच तर जन्म गेला. आणि खोक्याचं बॅरीने त्याच दिवशी फोनवर सांगितलं, लोणच्याचे थँक यू म्हणायला केला होता त्याने."

मार्च! मला स्वतःला मे महिन्यात कळलं!

"मग ही एवढी धडपड कशाला? प्रतीक्षा, डोना, कोर्स..."

ती चहा ठेवायला गेली. अर्धा कप आणला, आणि या वेळी मला कळलं अर्धा का ते.

२५ ऑगस्ट, रविवार

सकाळी अंगणात माझ्या शर्टाची बटणं लावता लावता तिने सांगितलं, वर न बघता.

"मला टोप्या नकोच होत्या हो. कपाटाची किल्ली हवी होती. बाबांना रुळांवरून मीच आणलं होतं. तुम्हाला कुठून आणू?"

मी पट्ट्याच्या किल्ल्या काढून तिच्या हातात दिल्या. तिने त्या घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवल्या आणि शेवटचं बटण लावलं.

परवा न्यूरॉलॉजिस्ट. तिने रजा टाकलीय. गाडी ती चालवणार.