बाबांचा पुदिना

प्रिय बाबा,

पत्र बघून घाबरू नका, सगळं छान चाललंय. दातांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांच्या कवळ्या घासून गुळगुळीत करते. काल एक आजोबा नवी कवळी बसवून आरशात इतका वेळ हसत राहिले, की बाहेर बसलेली माणसंही हसायला लागली.

खोलीच्या खिडकीत पुदिना लावलाय. त्याला पाणी घालताना तुमची आठवण येतेच. तिकडे घरी असताना पार्लरवाल्या ताईनं माझ्या हनुवटीवरचे केस काढता काढता हळूच विचारलं होतं, "पाळी वेळेवर येते का गं?" तिथून सगळं सुरू झालं. महिनोन्‌महिने येत नव्हती आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. मग डॉक्टर, सोनोग्राफी आणि पीसीओएस हे नाव. आई रडली. शेजारच्या काकूंनी दालचिनी आणली, मामीनं मेथीचं पाणी सुचवलं, कुणी शतावरीची पावडर दिली, कुणी कसलासा काळा काढा. त्याचा एक घोट घेतला आणि माझं तोंड बघून आईला रडता रडता हसू फुटलं.

विषय निघाला की तुम्ही मात्र रेडिओ मोठा करायचात. मला वाटलं, बाबांना माझी लाज वाटते. आणि पुढच्या तपासणीला तुम्ही ड्यूटी बदलून घेऊन बरोबर आलात. ड्रायव्हरचा खाकी शर्ट तसाच अंगात, हातात पिशवी. सगळ्या पुड्या, मुळ्या, बाटल्या डॉक्टरांच्या टेबलावर ओतल्यात आणि गच्च भरलेल्या बसमध्ये ओरडावं तशा आवाजात विचारलंत, "यातलं माझ्या मुलीनं काय घ्यायचं आणि काय फेकायचं?" कपाळावर घाम नुसता! डॉक्टरबाई खळखळून हसल्या. म्हणाल्या, "पुदिन्याचा चहा खुशाल घेऊ दे, थोडी मदत झाली तर झाली. मेथी, दालचिनी स्वयंपाकात असते तेवढी. बिननावाचा काढा अजिबात नको. पण गोळ्या आणि चालणं सोडायचं नाही." त्याच संध्याकाळी तुम्ही पुदिन्याचं रोप आणलंत आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्याबरोबर चालायला लागलात. वाटेत गिअरबॉक्सपासून भांडखोर उतारूंपर्यंत सगळं बोललात, तेवढं एक सोडून. मला तेवढंही खूप होतं.

आता बातमी ऐका. पाळी महिन्याच्या महिन्याला येतेय! इथल्या डॉक्टर म्हणाल्या, आजार मुळासकट गेला असं नाही, पण गाडी रुळावर आहे. घरी येऊन एकटीच नाचले. काय पडलं म्हणून घरमालकीणबाई धावत वर आल्या.

हे फोनवर सांगितलं असतं तर "थांब, आईकडे देतो" म्हणून तुम्ही सुटला असतात. आणि मला तुम्हीच हवे आहात. परवा आत्याच्या धाकटीचा फोन आला होता. तिचंही हेच आहे. लग्न कसं जमेल म्हणून आत्या कुणाला कळू देत नाही. काढ्यावर काढे पाजतेय, दवाखान्यात मात्र नेत नाही. पोरगी रडकुंडीला आलीये. आत्याला तिचा दादा, म्हणजे तुम्ही, म्हणाल ती पूर्व दिशा. तेव्हा या रविवारी जा आणि दोघींना समोर बसवून बोला. शब्द तोंडातून फुटेना झाला, तर आधी डेपोतल्या रिकाम्या बसमध्ये मोठ्यानं म्हणून बघा: पाळी. बसचं छत कोसळत नाही, बाबा.

तुमचीच,
गोटी