उतारशाळेच्या मालकाचा चेहरा

रोहा,
ता. १७ डिसेंबर १९९६

तीर्थस्वरूप मार्थाआत्यांस,

याकोबाचा आणि घरातल्या सगळ्यांचा सलाम. प्रभूच्या कृपेने इकडे सर्वांची प्रकृती बरी आहे (मन:स्थितीचे विचारू नका, पुढे कळेलच). तुमचे गुडघे कसे आहेत? तुमच्या भाचेसुनेने, अनिताने पाठवलेले तेल लावता, की नेहमीप्रमाणे शेजारणीला देऊन टाकलेत? तीस वर्षे मिशन हॉस्पिटलात दुसऱ्यांना दरडावून औषध पाजलेल्या नर्सबाई स्वतःच्या औषधाची टाळाटाळ करतात, हे आमच्या बाबांनी मला लहानपणीच सांगून ठेवले आहे.

आत्या, रागावू नका, पण माझ्यावर जे गुदरले त्याचे मूळ तुमच्या गणपतीच्या सुमारास आलेल्या पत्रात आहे. त्यात तुम्ही लिहिले होते की, कोणतेही चांगले काम हाती घेण्याआधी स्वतःला विचार, हे प्रभूसाठी की माझ्यासाठी. मी विचारले. उत्तर तत्काळ आले, प्रभूसाठी. (इतक्या पटकन आले तेव्हाच संशय यायला हवा होता.) काम असे होते की, यंदा नाताळात गव्हाणीचा मोठा देखावा मांडायचा. आमची नऊ कुटुंबांची मंडळी दर रविवारी माझ्याच घरी जमते, हे तुम्हाला ठाऊक आहे. चौदा वर्षे मी सतरंज्या घालतो आणि काढतो. पण उपासना संपली की लोक कौतुक करतात ते सखा मास्तरांच्या पेटीचे. मास्तर दोन पट्ट्या चुकतात आणि डोळे मिटतात. लोकांना वाटते आत्मा उतरला. सतरंजीवर कधी कोणाला आत्मा उतरलेला दिसला नाही. तेव्हा देखावा असा व्हावा की मंडळीने वर्षभर नाव काढावे, असे माझ्या मनात आले. कोणाचे नाव, हे त्या वेळी मी स्वतःलाही स्पष्ट सांगितले नव्हते.

दिवाळी झाल्यावर सकाळची पॅसेंजर धरून पेणला गेलो आणि तिथून एसटीने जोह्याला. तिथे घरोघर गणपती होतात. महिपती म्हणून एक कारागीर आहे, हात सुरेख. त्याची आई ठमाबाई, सत्तरीची. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी अजून तीच करते. महिपती म्हणाला, मूर्ती करू, पण गोष्ट कळल्याशिवाय चेहरे कसे येणार? म्हणून मी शाडूच्या गोण्यांवर बसून मरीया, योसेफ, मेंढपाळ, पूर्वेकडून भेटी घेऊन आलेले तीन ज्ञानी मागी, सगळे सांगितले. कामावरची माणसे हात थांबवून ऐकत होती (सखा मास्तरांच्या पेटीला असे श्रोते आजवर मिळालेले नाहीत). उतारशाळेत, म्हणजे वाटसरूंच्या धर्मशाळेत, जागा नव्हती म्हणून बाळ गोठ्यात जन्मले, इथवर आलो आणि ठमाबाईने कुंचला खाली ठेवला.

"अवघडल्या बाईला जागा नाय दिली? कोन व्हता तो?"

मी म्हणालो, त्याचे नाव शास्त्रात नाही, आपल्याला त्याची मूर्तीही नको. ती म्हणाली, "तो पायजेच. लोकांना कलू दे."

मी हो म्हणून टाकले. मग खिशातून माझा फोटो काढून महिपतीला हळूच दिला आणि म्हणालो, यांतल्या एकाला हा चेहरा द्या. कोणाला, हे सांगायची लाज वाटली. सोन्याची पेटी घेतलेल्या मागीला, हे कोणालाही कळेल असा माझा समज होता. निघताना ठमाबाईने विचारले, एवढा देखावा मांडणार कुठे? आत्या, इथे माझी जीभ घसरली. मी अभिमानाने सांगितले की, मागची खोली त्यासाठी राखून ठेवली आहे. आमच्या कंपनीत कंत्राटावर लागलेला जनू नावाचा मिठागराकडचा माणूस बायकोसाठी ती मागत होता, बायको पोटुशी, स्टेशनमागे पत्र्याच्या शेडमध्ये राहतात, पण मी देवाच्या कामाला प्राधान्य दिले. ठमाबाई नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला वाटले, आखणीसाठी बघते आहे. (तशी ती त्यासाठीच बघत होती.)

गेल्या गुरुवारी मूर्ती आणायला गेलो. मरीया इतकी सुंदर की मी दोनदा फिरून बघितली. तिन्ही मागी तीन परके दाढीवाले. आणि कडेला, दाराला हात लावून उभा, कपाळाला आठी घातलेला उतारशाळेचा मालक म्हणजे मी. चष्म्यासकट. महिपतीला विचारले, हे काय? तो म्हणाला, "तुमीच बोललात ना, एकाला द्या. कोनाला ते आयेनं सांगितलं." चेहरा बदला म्हणून मी ठमाबाईच्या विनवण्या केल्या. ती म्हणाली, "डोले आखले का आमी परत हात लावीत नाय." आणि दुसऱ्या मूर्तीला लागली.

टेम्पोत ती मूर्ती मी पोत्यात गुंडाळून आणली. अनिताने पोते सोडले, मूर्तीकडे बघितले, माझ्याकडे बघितले आणि म्हणाली, "भुवईसुद्धा जमली आहे." एवढेच. फोटोबद्दल तिने एक अक्षर विचारले नाही. विचारले असते तर भांडता तरी आले असते.

रविवारी मंडळी जमली. मूर्ती मी पडद्यामागे ठेवली होती, पण मुलांनी पडदा ठेवला तर ना. सगळे बघून गेले, कोणी हसले नाही, हे फार वाईट. सखा मास्तर चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बोलेल असं वाटतं." लूकचा दुसरा अध्याय वाचायची पाळी नेमकी माझी. जागा नव्हती त्या ओळीपाशी आलो आणि आवाज फुटेना. लोकांना वाटले मला आत्मा उतरला. चौदा वर्षांत पहिल्यांदा लोकांना तसे वाटले, आणि त्याचा मला काडीचा आनंद झाला नाही. मला फक्त जनू दिसत होता. खोली मागायला आला त्या दिवशी तो चप्पल बाहेर काढून दारात उभा होता, आणि मी त्याला आत या असेसुद्धा म्हटले नव्हते.

उपासना संपल्यावर सतरंज्या तशाच टाकून मी स्टेशनमागे गेलो आणि मागची खोली घ्या म्हणालो. जनूने ऐकून घेतले आणि म्हणाला, "पन साहेब, तुमच्या देवाचं सामान हाय ना तितं?" मी सांगितले, देवाचे सामान पडवीत हलवतो. त्याची बायको पुतळी मला म्हणाली, "देव गारठंल." मी म्हणालो, तुम्ही गारठत होतात तेव्हा मला सुचले नाही. संध्याकाळपर्यंत त्यांचा संसार आला, एक ट्रंक, एक चूल, दोन हंडे. आता देखावा पडवीत आहे, योसेफाच्या खांद्यावर पुतळीची ओली साडी वाळते आणि मी आजूबाजूच्यांना खुलासे देत फिरतो. कोणी मला चांगले म्हणत नाही. उलट शेजारचे केरूभाऊ म्हणाले, भाडेकरू ठेवलात वाटते. (बाबांच्या नावाचा माणूस, म्हणून गप्प बसलो.)

तर असे आहे. तुमचा प्रश्न मी पुन्हा स्वतःला विचारला. या वेळी उत्तर अजून आलेले नाही, त्यामुळे थोडी आशा वाटते. वडीलधाऱ्यांना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
याकोब

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. पुतळीला डॉक्टरांनी जानेवारीचा पहिला आठवडा सांगितला आहे. तिची आई नाही, सासू नाही, आणि अनिता धीट दिसते पण रक्त बघून चक्कर येणाऱ्यांतली आहे. दवाखाना जवळ आहे, तरी घरात जाणते माणूस हवे. तुम्ही नाताळ आटोपून या. मी पनवेलपर्यंत घ्यायला येतो. गुडघ्यांचे निमित्त चालणार नाही.

आणखी ता. क. ही हकीकत तुम्ही मंडळीच्या मासिकात द्याल अशी मला भीती वाटते. दिल्यास माझे नाव अजिबात घालू नये, हे सगळे प्रभूसाठी आहे. मात्र घातलेच तर 'याकोब केरू साळवे, रोहा' असे पूर्ण घालावे. नागोठण्यात आणखी एक याकोब साळवे आहेत. ते काही न करता नाव कमावतील.