बुंदाच्या डब्याची गाठ

ता. ३ डिसेंबर १८९९, रविवार

कॉफी करपली! कालही करपली होती. माळावरच्या वाऱ्यात तीन दगडांच्या चुलीवर बुंद, म्हणजे कॉफीचे दाणे, भाजणं हे माझं काम नव्हे. मी पुस्तकं बांधणारा माणूस. पुठ्ठा सुतात बसवीन, पण दाणा तपकिरी कधी होतो आणि काळा कधी, हे माझ्या बायकोला, खैरुनलाच कळायचं. त्यात जायफळ घरीच राहिलं, कोनाड्यात. जायफळावाचून कॉफी म्हणजे नुसता काढा.

परवा शुक्रवारी ती गेली. चार दिवसांचा ताप. मी प्लेगचं टोचून घेतलं होतं, तिनं घेतलं नाही — सुईला भ्यायची. मी तरी कुठं फार आग्रह केला!

सामान सकाळीच गाडीत भरून इकडं माळावर, प्लेगपायी घातलेल्या झोपडीकडं पाठवलं होतं. दफन करून परत आलो तर दाराला सरकारी कुलूप, भिंतीवर डांबराचा आकडा, चार कौलं उतरवलेली. तिचा भाऊ इलाही कबरस्तानातूनच पुढं गेला होता, गाडी जोडायला. दारात त्याची गाडी नव्हती. म्हणजे अम्माला घेऊन वेळेवर त्याच्या गावी, नेसरीला निघाला. शहाणपण केलं. अम्मा म्हणजे माझी सासू, आमच्याकडेच असायची. मी तिथं कोणाला काही विचारलं नाही. प्लेगवाल्यांसमोर घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं नाव कोण घेईल? आजारी असो नसो, डोलीत घालून नेतात, आणि गेलेलं माणूस परत येत नाही.

आज इलाहीला कार्ड टाकलं. त्यातही अम्माचं नाव घातलं नाही, कार्ड दहा जण वाचतात. एवढंच लिहिलं — पोहोचला असाल, सर्वांना जपा.

ता. ४, सोमवार

टोचल्याचा दाखला दाखवून पेठेत कामावर गेलो. आमच्या बोळाच्या तोंडावर काट्यांचं कुंपण आणि एक शिपाई. सगळा बोळ रिकामा, कुत्रंसुद्धा नाही.

तिथं वास आला. बुंद भाजल्याचा. करपलेला नव्हे — बेतशीर, तिच्या हातचा. वर जायफळ!

भासच असणार. दोन रात्री झोप नाही.

ता. ५, मंगळवार

आजही. त्याच वेळी, त्याच जागी.

ता. ६, बुधवार

आज मुद्दाम थांबलो. आमचं छप्पर तिथून दिसतं. धूर नाही. वास मात्र असा की तोंडाला पाणी सुटलं.

शिपायाला विचारलं. पिराजी नाव त्याचं. "वास? फिनेलचा येतोय की! दुसरा कसला यील हितं? जावा पावणं, थांबू नगा. साहेब बगितला तर माजी भाकरी जाईल."

त्याला येत नाही. मला येतो. बोललो असतो तर घर उघडून पाहिलं असतं, पुन्हा फवारलं असतं, आणि वासही गेला असता. तसाच कामावर गेलो.

दिवसभर लग्नानंतरचा प्रवास आठवत राहिला. नेसरीहून बैलगाडीनं येताना नव्या नवरीनं वाटेत गाडी थांबवली होती. का, तर कॉफी करायची! तिचा बाप चिकमंगळूरच्या मळ्यावर राबायला जायचा, तिथून हे वेड त्यांच्या घरात आलेलं. तिनं ओढ्याकाठी दगड मांडले, गूळ फोडला, पदरानं गाळलं. मी चहासुद्धा न पिणारा! पहिला घोट घेतला आणि त्या दिवसापासून बाटलो तो बाटलोच.

ता. ७, गुरुवार

डब्यातले बुंद कमी झालेत. मूठभर रोज कमी होतायत असं चार दिवस वाटतंय. शेजारच्या झोपडीत धोंडुबाई — तोंडाळ बाई, पण माझी भाकरीही तीच थापून देते. तरी विचारलंच. कशाला विचारलं!

"तुमच्या त्या करपक्या दाण्यांचं मी काय करू भाऊ? हुलग्यागत रटरटवून खाऊ व्हय?" सगळा माळ ऐकत होता.

ता. ८, शुक्रवार

कबरीवर जाऊन आलो. आल्यावर डबा मेणाच्या दोऱ्यानं बांधला. आमची बांधणीतली गाठ आहे, दुसऱ्या कोणाला सुटत नाही. सुटली तर परत मारता येत नाही. ही गाठ येणारी माणसं दोनच होती. मी, आणि वह्यांचे जुज, म्हणजे पानांचे गठ्ठे, शिवायला बसायची ती. ती डावखुरी. माझी गाठ उजवीकडं पडते, तिची डावीकडं. ही रोजनिशीची वहीही तिनंच शिवलेली — शेवट पाहिला, डावीकडं.

ता. ९, शनिवार

गाठ शाबूत आहे. बुंद मूठभर कमी आहेत.

गाठ डावीकडं पडली आहे.

काल घाईत मीच उलटी मारली असेन. असेनच.

ता. १०, रविवार

आज काम नाही. तरी गेलो. दोन कोस तुडवत, फक्त वासासाठी!

खरं लिहितो, इथं कोण वाचणार आहे. मला आता भीती वाटत नाही, आनंद वाटतो. सकाळी उठतो तो त्या वासाच्या ओढीनं. कुंपणाशी उभा राहतो, डोळे मिटतो. वाटतं, आत्ता पेला वाजेल आणि ती "निवंल की!" म्हणून ओरडेल. बायको मेलेल्या माणसाला एवढं सुख मिळू नये. कोणाला सांगणार नाही. हे माझं आहे.

ता. ११, सोमवार

आज वास करपल्याचा होता.

खैरुनकडून दाणा कधी करपत नसे. करपायचा तो एकाच वेळी. हाक मारून मी उठलो नाही की ती तवा मुद्दाम चुलीवर तसाच ठेवायची. "करपू दे. तुमाला यायचं न्हाय तर करपू दे."

इतका उग्र की घसा धरला. कुंपणापलीकडं पाय टाकावासा वाटला. पिराजी खाकरला. मी मागं फिरलो. उद्यापासून दुसऱ्या वाटेनं जाणार.

ता. १२, मंगळवार

दुसऱ्या वाटेनं गेलो. दुपारी कामावरच इलाहीचं पत्र आलं. तिथल्या मास्तरांकडून लिहवून घेतलेलं. शब्द असे —

"मी आलो तो घरास कुलूप. तुमची गाडी पुढे गेली असे समजले, तेव्हा मातोश्री तीतूनच गेल्या हे जाणून निश्चिंत झालो. तेथे सरकारी माणसे असल्याने नाव काढले नाही. कार्डावरही काढले नाही, म्हणून हे बंद पाकीट. त्या तुमचे जवळ सुखरूप असतील. चहा देऊ नये, कॉफीच द्यावी."

अम्मा त्याच्याकडं नाही! माझ्याकडंही नाही!

बारा दिवस. या अल्ला. बारा दिवस.

ता. १३, बुधवार

काल कामावरून धावत गेलो ते थेट पिराजीचे पाय धरले. "आत माणूस आहे" म्हटल्यावर तो पांढरा पडला. "आन् तुमी हप्ताभर हितं हुभं ऱ्हाऊन जातायसा? तवाच का बोलला न्हाईसा?" किल्ली प्लेगच्या डॉक्टरकडं. त्याला आणेपर्यंत उन्हं कलली.

अम्मा घरातच, माळ्यावर होती. गोधड्यांच्या वळकट्यांमागं. प्लेगवाले घर रिकामं करायला आले तेव्हा लपली ती तिथंच. नाक्यावर शिपाई आहे हे तिला ठाऊक होतं, म्हणून हाक मारली नाही. चूल पेटवली असती तर धूर दिसला असता, म्हणून पेटवली नाही. रांजणाचा तळ कोरडा. शेंगदाणे आणि गूळ एवढ्यावर काढले. नुसती हाडं उरलीत. पण जिवंत आहे! डॉक्टर म्हणाला, प्लेग नाही, उपास आहे. आणखी दोन दिवस निघाले नसते.

मी चुलीपाशी गेलो. फवारलेल्या चुन्याची पूड चुलीवर, तव्याच्या खुंटीवर, उंबऱ्यावर जशीच्या तशी होती. तीवर बोट उमटलेलं नव्हतं. घरात कसलाच वास नव्हता. फक्त फिनेल.

रात्री धोंडुबाईनं तिला मांडीवर घेऊन पेज पाजली. मला शिव्या दिल्या. बरं वाटलं.

आठ दिवस मी कुंपणाशी उभा राहून मजा घेत होतो. मला ती भेटायला येते असं वाटलं. ती बोलवत होती.

ता. १४, गुरुवार

अम्मा आज बोलली. मी कॉफी करून दिली होती, निम्मी करपलेली. तिनं एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"जायफळ न्हाय घातलंस. खैरुन रोज घालून द्यायची."

मग म्हणाली, "दोन पेलं आणायची. एक मला. दुसरा उंबऱ्यावर ठिवायची. म्हणायची, ते बोळाच्या तोंडाला आल्यात अम्मा, येतील आता."